फुगलेल्या लॅपटॉपचा पंचनामा

लॅपटॉप काचेच्या काउंटरवर ठेवला की त्याची पहिली तपासणी एका बोटाने होते. कारागीर कोपऱ्यावर बोट टेकवतो आणि हलकेच दाबतो. तळ सपाट असेल तर काही हलत नाही. हा मात्र डुगडुगला. मग त्याने तो डोळ्यांच्या उंचीवर आडवा धरला, सुतार फळीची धार पाहतो तसा. टचपॅडच्या बरोबर खाली तळाला पोट सुटलं होतं.

"पडला होता का, ताई?"

"नाही."

"बॅगेत वरून काही दाब आला?"

"होस्टेलच्या टेबलावरच असतो, दादा."

"चार्जर?"

"लावलेलाच असतो."

त्याने मान डोलावली आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर परत डब्यात टाकला. वॉरंटीतलं यंत्र तो उघडत नाही.

गोलाणी मार्केट म्हणजे जळगावच्या मध्यवस्तीतलं जुनं बहुमजली व्यापारी संकुल. मोबाइल, कॉम्प्युटर, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांची दुकानं इथे दाटीवाटीने आहेत. पारोळा, एरंडोल, चोपडा, अगदी धुळ्याकडूनही माणसं बिघडलेलं यंत्र पिशवीत घालून येतात. मे महिन्यातल्या त्या दुपारी मी काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून होतो. पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवत होता. शेजारच्या दुकानात एक आजोबा नातवाचा मोबाइल पुढे करून विचारत होते, "हाई काय व्हयनं भो?" त्या मोबाइलचंही मागचं झाकण उचललेलं. उन्हाळ्यात फुगलेली यंत्रं जास्त येतात, असं आमच्या कारागिराचं म्हणणं. त्याची नोंद ठेवणारी वही त्याच्याकडे नाही. वाळूची बादली आहे. काढलेल्या फुगीर बॅटऱ्या तो त्या वाळूत पुरून ठेवतो आणि एप्रिल लागला की बादली लवकर भरते.

पूर्वीच्या जाडजूड लॅपटॉपमध्ये बॅटरी म्हणजे धातूच्या नळकांड्यांची रांग असे. १८ मिलिमीटर व्यासाची, ६५ मिलिमीटर लांबीची ती नळकांडी आत थोडाफार वायू साठला तरी बाहेरून आकार बदलत नसत. लॅपटॉप बारीक करायच्या नादात नळकांडी गेली आणि चपटे पाऊच आले. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थरांचं पाकीट, आत इलेक्ट्रोडच्या पट्ट्या आणि त्यांना भिजवणारा सेंद्रिय द्रव, एवढाच मामला. या द्रवाचं थोडं थोडं विघटन चालूच असतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, हायड्रोजन असे वायू निघतात. उष्णता वाढली की ही क्रिया झपाट्याने वाढते. सेल कायम काठोकाठ भरलेला, म्हणजे साधारण ४.२ व्होल्टवर ताणून ठेवला तरी वाढते. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून चार्जर काढायचा नाही आणि खोलीत कूलर चालला तरच हवा ४० अंशांच्या खाली. मग पाकीट फुगतं. त्याच्या वर टचपॅड, खाली तळाचं झाकण. जिकडे वाट मिळेल तिकडे ते रेटत जातं.

लॅपटॉपसोबत आलेलं छोटं माहितीपत्रक कोणी वाचत नाही. मी मुद्दाम काही कंपन्यांची चाळली. यंत्र वापरण्यासाठी योग्य तापमान बहुतेक ठिकाणी ३५ अंश सेल्सिअसपर्यंत दिलेलं असतं. हे वाचून जळगावकराला हसूच येईल. आमच्याकडे मार्चमध्येच पारा ३५ ओलांडतो, मे महिन्यात ४४-४५ ही नेहमीची बातमी असते आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी गिझरशिवाय चटके देतं. म्हणजे छापील नियमाप्रमाणे होळी ते मृगापर्यंत खानदेशाने दुपारचा लॅपटॉप उघडूच नये. हेच यंत्र इथल्या दुकानांत भर मे महिन्यात विकताना मात्र ३५ अंशांचा उच्चार कोणी करत नाही. कंपनीने उद्या या ओळीवर बोट ठेवलं तर तिला हा प्रश्न विचारायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण प्रत्यक्षात भांडण तापमानावरून होत नाही. ते होतं, केस वाकली ती आतून की बाहेरून, यावरून. बाहेरून मार लागला असेल तर वॉरंटी लागू नाही. बॅटरीने आतून रेटलं असेल आणि बॅटरीची मुदत शिल्लक असेल, तर लागू. सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर "फिजिकल डॅमेज" असा एक रकाना असतो. घाईतला माणूस वाकडी केस पाहून तिथे टिक करून मोकळा होतो आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका टिकेभोवती फिरत राहतो.

कारागीर हा पंचनामा कसा करतो ते पाहण्यासारखं आहे. लॅपटॉप पडला असेल तर कोपरा सांगतो: तिथे खरचटलेलं असतं, रंग उडालेला असतो, चीर गेली तर ती त्या कोपऱ्यापासूनच निघते. वरून वजन पडलं असेल तर स्क्रीनवर डाग किंवा तडा दिसतो आणि खड्डा आतल्या बाजूला जातो. आतून रेटा असेल तर ओरखडा कुठेच नसतो. उंचवटा गुळगुळीत असतो, बॅटरीच्या जागेवर सर्वांत जास्त आणि कडेकडे कमी होत गेलेला. त्याने लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलीला टचपॅड दाबायला लावला. टक् असा आवाजच येईना, कारण खाली दाबायला जागाच उरली नव्हती. कडेच्या फटीत टॉर्च मारून दाखवलं: तळाच्या झाकणाचे मधले दोन स्क्रू जागेवर होते, पण त्यांच्या आजूबाजूचं प्लास्टिक ताणून पांढरं पडलं होतं.

केस उघडी पडण्याचं तिसरं कारणही त्याने त्याच बैठकीत दाखवलं. बाकावर दुसरा एक लॅपटॉप उघडून पडला होता. त्याची बॅटरी अगदी सपाट होती, पण मागचा कोपरा उसवलेला. दोष हिंजचा. हिंज कडक झाला की झाकण उघडताना सगळा जोर प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांवर येतो. त्या खुंट्यांत गरम करून बसवलेले पितळी नट असतात, ते उपटून निघतात. हे दुखणं वॉरंटीत मान्य करून घेणं सर्वांत अवघड, कारण जोर ग्राहकाच्याच हाताने लावलेला असतो. बहुतेक लोक शेवटी पैसे मोजून इपॉक्सीने खुंट्या नव्याने उभ्या करून घेतात. इपॉक्सी वाळायला रात्र जाते; तोवर हात लावायचा नाही.

मुलीच्या लॅपटॉपचं काय करायचं, हे त्याने भराभर सांगितलं. बंद करा, चार्जर काढा, झाकण दाबून मिटवू नका, दप्तरात पुस्तकांखाली घालू नका. यूट्यूबवर कोणी टाचणीने वायू सोडताना दिसला तर ते बघा आणि विसरा. आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या की पेट घेतात. मग त्याने काउंटरच्या काचेवर लॅपटॉप ठेवून बाजूला पट्टी उभी केली आणि तिच्याच मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढायला लावले. चारही न खरचटलेल्या कोपऱ्यांचे जवळून वेगळे फोटो. तळावरच्या सिरियल नंबरचा एक. खरेदीचं बिल. हे सगळं हातात असताना कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि बोलताना पहिल्या वाक्यात "बॅटरी फुगली आहे" हेच म्हणायचं, "केस वाकली आहे" असं नाही. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

फोनवर दोन अडचणी निघाल्या. कंपनीच्या नोंदीत वॉरंटी संपायला थोडेच दिवस उरले होते, कारण तिथे मुदत माल गोदामातून निघाल्यापासून मोजली होती. बिल अपलोड केल्यावर तारीख पुढे सरकली. दुसरी अडचण कुरिअरची. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांनीच बंदी आहे, त्यामुळे "पाठवून द्या" हे उत्तर चालण्यासारखं नव्हतं. हे तिने ठामपणे सांगितलं, तेव्हा इंजिनिअर पाठवायचं ठरलं.

पुढचं तिने नंतर दुकानात येऊन सांगितलं. तिला खरी काळजी प्रोजेक्टच्या फाइलींची होती. इंजिनिअरने तळ उघडून बॅटरी बाजूला काढली, तेव्हा तिने त्याला थांबवलं आणि लॅपटॉप नुसत्या ॲडॅप्टरवर सुरू करून मागितला. पुष्कळ मॉडेलं बॅटरीशिवाय चालतात, हेही चाललं. तो फॉर्म भरत होता तेवढ्यात तिने फाइली हार्ड डिस्कवर उतरवल्या, विंडोजच्या लॉकची रिकव्हरी की कागदावर लिहून घेतली. मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर ही की नसताना आपलाच डेटा आपल्याला परका होतो. बॅटरी नवी मिळाली. टचपॅडचं पॅनल आणि तळाचं झाकण मात्र "कॉस्मेटिक" म्हणून नाकारलं गेलं. महिनोन्महिने ताणलेलं प्लास्टिक बॅटरी बदलली म्हणून सरळ होत नाही, कडेची फट तशीच राहिली. तिने फॉर्मवर सही करण्याआधी त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: केस बॅटरी फुगल्यामुळे वाकली आहे, बाहेरून मार नाही. आणि त्याचा फोटो काढून ठेवला.

त्या एका ओळीचं मोल मोठं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असलं म्हणून तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावून पाहावा. आयोगापुढे प्रश्न तोच येणार, बाक आतून आला की बाहेरून, आणि तेव्हा पट्टीसकट काढलेले फोटो तिच्या बाजूने उभे राहतील. ती अजून तिथवर गेलेली नाही. झाकणासाठी कंपनीला ई-मेल करते आहे.

वाळूच्या बादलीतल्या बॅटऱ्यांचं पुढे काय, असं मी विचारलं. भंगारवाला मागतो, पण इतर पत्र्या-तारांसोबत त्या दाबल्या गेल्या तर टेम्पोच पेटेल, म्हणून कारागीर देत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गोलाणीच्या जिन्यापर्यंत ती जबाबदारी चढून आलेली मला तरी दिसली नाही.

मुलगी दुकानातून निघण्याआधी कारागिराने तिच्या लॅपटॉपचं एक काम फुकट केलं, ते तो प्रत्येक गिऱ्हाइकाचं करतो. सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणून ठेवली. कायम चार्जरवर राहणाऱ्या लॅपटॉपला याइतका स्वस्त इलाज नाही. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना ते काही पटेना.

"म्हणजे मी शंभराचे पैसे दिले अन् वापरायची ऐंशीच?"

"शंभर करून देतो की, काका," कारागीर मान वर न करता म्हणाला. "पुढच्या मे महिन्यात याच मग."