विश्लेषण : पाचशे रुपयांत ‘एक लाख ल्युमेन’? टॉर्चच्या उजेडाचे खरे गणित काय? हौशी मंडळी ते कसे तपासतात?

खेड्यापाड्यात आजही टॉर्चला ‘बॅटरी’च म्हणतात. दोन मोठे सेल, पितळी किंवा पत्र्याचे नळकांडे आणि पिवळट उजेडाचा बल्ब ही तिची ओळख होती. गेल्या वीस वर्षांत बल्ब जाऊन एलईडी आला, सेल जाऊन लिथियम आयन आला आणि खोक्यावरचे आकडे हजारांवरून लाखांवर गेले. हे आकडे किती खरे, याची घरच्या घरी तपासणी करणारा आणि विकत घेतलेला टॉर्च उघडून त्याचे काळीजच बदलणारा हौशी वर्ग जगभर तयार झाला आहे. त्यांच्या उद्योगातून सामान्य ग्राहकाला बरेच काही कळण्यासारखे आहे.

एक लाख ल्युमेनचा दावा शक्य आहे का?

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. मोटारीच्या जुन्या हॅलोजन हेडलाइटचा ‘डिपर’ सुमारे १००० ल्युमेनचा असतो. म्हणजे एक लाख ल्युमेन म्हणजे पन्नास मोटारींचे हेडलाइट एकदम. हे मुठीत मावणाऱ्या नळीतून येते, असे खोके म्हणते.

आता सेलकडे पाहू. अशा टॉर्चमध्ये बहुधा १८६५० नावाचा सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता जास्तीत जास्त ३५०० मिलिअ‍ॅम्पियर-तासांच्या आसपास असते. ३.६ व्होल्टने गुणले की ऊर्जा होते १२.६ वॅट-तास. एलईडी एका वॅटमागे १५० ल्युमेन देतो असे उदारपणे धरले, तरी एक लाख ल्युमेनसाठी सुमारे ६६७ वॅट लागतील. त्या हिशेबाने पूर्ण भरलेला सेल जेमतेम ६८ सेकंदांत रिकामा होईल. शिवाय त्यातून १८५ अ‍ॅम्पियर प्रवाह ओढावा लागेल. बाजारातला दणकट १८६५० सेल वीस-तीस अ‍ॅम्पियरपुढे टिकत नाही. म्हणजे टॉर्च हातात घेण्याआधीच दावा कोसळतो. ‘९९०० एमएएच’ असे छापलेल्या सेलचेही तेच. त्या आकाराच्या डबीत तेवढी ऊर्जा आज कोणालाच भरता येत नाही.

एक लाख ल्युमेनचा हातात धरायचा दिवा अस्तित्वातच नाही, असे मात्र नाही. इमालेंट या चिनी कंपनीचा एमएस-१८ हा दिवा तेवढा दावा करतो. पण त्यात १८ एलईडी आहेत, अनेक सेलचा जोडगठ्ठा आहे, थंड करायला पंखे आहेत आणि वजन दोन किलोच्या आसपास आहे. तोही पूर्ण ताकदीवर फार वेळ चालत नाही. एका १८६५० सेलवर हौशी मंडळींनी ताणून ताणून मिळवलेला उजेड चार-पाच हजार ल्युमेनपर्यंत जातो आणि तोही काही सेकंदच, कारण तेवढ्यात टॉर्च हातात धरवत नाही.

ल्युमेन जास्त म्हणजे लांबचे दिसते का?

नाही. ग्राहक सर्वांत जास्त फसतो तो इथेच. लांबवर किती दिसेल हे ल्युमेनवर नव्हे, तर कॅन्डेलावर ठरते. झोताच्या मध्यभागी प्रकाश किती एकवटला आहे, याचे ते माप. उसाच्या फडाच्या दुसऱ्या टोकाला काय हलते आहे हे पाहायचे तर कॅन्डेला हवा. तंबूत, स्वयंपाकघरात किंवा बंद पडलेल्या मोटारसायकलजवळ पसरट उजेडच बरा.

टॉर्चसाठी ‘एफएल-१’ हे अमेरिकी मानक २००९ पासून आहे. त्यात झोताच्या अंतराची व्याख्या नेमकी केली आहे. जिथे प्रकाश ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर. सूत्र सोपे आहे, कॅन्डेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करायची. ४०,००० कॅन्डेलाचे वर्गमूळ २००, म्हणून अंतर ४०० मीटर. पण ४०० मीटरवर नुसते चांदणे पडले तर माणूस आहे की झुडूप हे कळत नाही. त्याच टॉर्चने २०० मीटरवर १ लक्स आणि १०० मीटरवर ४ लक्स पडतो. म्हणून खोक्यावरच्या अंतराचा निम्मा किंवा त्याहून कमी आकडा कामाचा धरावा. अंतर दुप्पट करायचे तर कॅन्डेला चौपट लागतो, हेही यातूनच येते.

डोळ्याचाही हिशेब सरळ नसतो. उजेड दुप्पट ‘वाटण्यासाठी’ ल्युमेन सुमारे चौपट करावे लागतात. त्यामुळे ८०० आणि १००० ल्युमेनच्या टॉर्चमधला फरक अंगणात उभे राहून सहसा ओळखू येत नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मानक पाळले तरी पळवाट उरते?

उरते, आणि ती कायदेशीर आहे. ‘एफएल-१’प्रमाणे ल्युमेन मोजायचे ते टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान. ‘रनटाइम’ मोजायचा तो उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. आता समजा, एखादा टॉर्च पहिली दोन-तीन मिनिटे ३००० ल्युमेन देतो, मग तापल्यामुळे स्वतःहून ५०० वर उतरतो आणि पुढे चार तास तिथेच राहतो. खोक्यावर ‘३००० ल्युमेन, ४ तास’ छापता येते. एकही आकडा खोटा नाही, तरी घेणाऱ्याची समजूत मात्र पूर्ण चुकीची.

म्हणूनच जाणकारांच्या परीक्षणात वेळेनुसार उजेडाचा आलेख सर्वांत महत्त्वाचा असतो. रेषा सपाट राहते की घसरगुंडीसारखी उतरते, किती मिनिटांनी उतरते, सेल संपत आल्यावर टॉर्च सूचना देतो की एकदम अंधार करतो, हे त्यात दिसते. रात्रीच्या वेळी शेतीपंपाला वीज येते म्हणून बांधावर जाणाऱ्याला पहिल्या मिनिटाच्या आकड्यापेक्षा तिसाव्या मिनिटाचा आकडा जास्त मोलाचा आहे.

घरच्या घरी मोजतात तरी कसे?

प्रयोगशाळेत यासाठी आतून पांढरा रंग दिलेला पोकळ गोल वापरतात. टॉर्चचा प्रकाश त्यात सगळीकडे आपटून एकसारखा मिसळतो आणि एका छिद्रातून त्याचे माप घेतात. हे उपकरण महाग असते. हौशी मंडळी थर्माकोलचा मोठा गोल किंवा पीव्हीसी पाइपचे वळणदार तुकडे जोडून तेच साधतात. टोकाला लक्समीटर बसवला, ज्याचे ल्युमेन ठाऊक आहेत असे दोन-तीन दिवे आधी मोजून गुणक ठरवला की झाले. अशा मापात दहा टक्के इकडेतिकडे होतात, पण एक लाख आणि एक हजारातला फरक पकडायला ते भरपूर आहे.

कॅन्डेलासाठी तर गोलही नको. अंधाऱ्या व्हरांड्यात टॉर्चपासून पाच मीटरवर लक्समीटर धरायचा, झोताच्या मध्यबिंदूचा आकडा घ्यायचा आणि पाचाच्या वर्गाने, म्हणजे २५ ने गुणायचा. १६०० लक्स आले तर ४०,००० कॅन्डेला. एक मीटरवरून मोजू नये, कारण काही टॉर्चचा झोत तेवढ्या जवळ नीट जुळलेलाच नसतो.

लक्समीटर नसेल तर छताची युक्ती आहे. छोट्या बाथरूममध्ये टॉर्च उभा ठेवून झोत छतावर सोडायचा आणि मोबाइलवरील लक्स अ‍ॅपने एका ठरावीक जागी आकडा घ्यायचा. मोबाइलचा संवेदक अचूक नसतो, त्यामुळे आकडा खरा मानू नये. पण दोन टॉर्चची आपसात तुलना होते. दर मिनिटाला आकडा लिहून ठेवला तर उजेड कसा घसरतो तेही कागदावर उतरते.

टॉर्च उघडून नेमके काय बदलतात?

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर असतो आणि दोन्हींच्या मिश्रणातून पांढरा प्रकाश दिसतो. हा निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. फॉस्फर कसा आहे यावर रंग ठरतो. स्वस्त एलईडीचा प्रकाश निळसर असतो आणि त्यात तांबडा भाग कमी पडतो. सूर्यप्रकाशात रंग जसे दिसतात तसे दाखवण्याच्या क्षमतेला १०० पैकी गुण देतात, त्याला सीआरआय म्हणतात. सामान्य टॉर्चचे गुण ७० च्या आसपास असतात, तर जपानच्या निचिया कंपनीचे काही एलईडी ९० च्या पुढे जातात. ल्युमेन थोडे घटतात, पण पाचोळ्यातली घोणस, जखमेतले रक्त आणि चिखल, किंवा स्विचबोर्डमधल्या तारांचे रंग वेगळे दिसतात. हौसेची सुरुवात बहुतेकांची याच बदलापासून होते.

काम नाजूक आहे. पुढची रिंग उघडायची, काच आणि परावर्तक काढायचा, दोन तारा सोल्डरिंग आयर्नने सोडवायच्या. एलईडी एका छोट्या धातूच्या चकतीवर बसवलेला असतो. ती चकती तव्यावर किंवा तापणाऱ्या पट्टीवर ठेवतात. कथील-शिशाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंशांना वितळते, बिस्मथवाले १३८ ला. सोल्डर चमकू लागले की जुना एलईडी चिमट्याने उचलायचा आणि नवा ठेवायचा. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला आपोआप ओढून मधोमध बसवतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला जादू वाटते. मग धन-ऋण मल्टिमीटरने तपासून, चकतीखाली उष्णतावाहक पेस्ट लावून सगळे परत जोडायचे.

चकती कशाची, यालाही महत्त्व आहे. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या चकतीत एलईडी आणि धातू यांच्यामध्ये वीजरोधक थर असतो आणि तो उष्णताही अडवतो. तांब्याच्या काही चकत्यांत एलईडीचा मधला भाग थेट तांब्याला टेकतो. उष्णता पटकन बाहेरच्या नळीत जाते, म्हणून तोच एलईडी जास्त प्रवाह सोसतो.

पुढची पायरी मागच्या स्प्रिंगची. तिच्यात २० मिलिओहम रोध असेल आणि १० अ‍ॅम्पियर प्रवाह वाहत असेल तर दोन वॅट तिथेच वाया जातात. म्हणून स्प्रिंगच्या दोन टोकांमध्ये तांब्याची बारीक तार जोडतात. खर्च जवळजवळ शून्य. काही जण एलईडीवरचा पारदर्शक घुमट कापतात. घुमटामुळे चिप आहे त्यापेक्षा मोठी दिसते. तो गेला की एकूण प्रकाश घटतो, पण छोट्या जागेतून तीव्र प्रकाश येतो आणि झोत लांब जातो. हात थरथरला तर एलईडी बाद.

शेवटी येतो ड्रायव्हर, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट. त्यावरील मायक्रोकंट्रोलरमध्ये ‘अ‍ॅन्डुरिल’सारखी मुक्त स्रोत प्रणाली भरता येते. एकच बटण दाबून धरले की उजेड हळूहळू वाढतो, किती तापमानाला उतरायचे हेही ठरवता येते. एकच बटण, पण सूचना पानभर. घरातल्या ज्येष्ठांच्या हाती असा टॉर्च देऊ नये, हे अनुभवी लोकही मान्य करतात.

यात धोका किती?

एलईडी जळला तर दीडदोनशे रुपये जातात. सेल जळला तर घर. लिथियम सेल आतून शॉर्ट झाला की तो पेट घेतो, आणि बंद धातूच्या नळीत तो फुटण्याचीही शक्यता असते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ वा वापरू नयेत, असा इशाराच दिला. त्याचे कारण हे सेल मुळात बॅटरीच्या गठ्ठ्यात, संरक्षक सर्किटसह वापरण्यासाठी बनवलेले असतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत एलईडी, तारा, पेस्ट सगळे मिळते. सेल घेताना मात्र स्वस्ताईचा मोह नको. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढून नवे वेष्टन चढवलेले सेल बाहेरून ओळखता येत नाहीत. वेष्टन फाटलेला सेल वापरू नये. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक नवा, एक जुना घालू नये. प्रवासात बटण चुकून दाबले गेले तर दोन-तीन हजार ल्युमेनचा टॉर्च बॅगेतले कापड भाजू शकतो. बऱ्याच टॉर्चचे मागचे झाकण पाव फेरा सैल केले की वीज तुटते. विमानप्रवासात सुटे सेल हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत.

सर्वांत मंद उजेडाची मागणी का वाढली?

या छंदातली गमतीची गोष्ट अशी की, जुने हौशी लोक नवा टॉर्च हाती आला की आधी सर्वांत मंद पायरी तपासतात. एक ल्युमेनहूनही कमी असलेल्या या पायरीला ‘मूनलाइट’ म्हणतात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झगमगाटाने ती मेहनत वाया जाते. मंद उजेडात तंबूतले सामान सापडते, शेजाऱ्याची झोप मोडत नाही आणि सेल कित्येक दिवस पुरतो.

मे-जूनमध्ये भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी परिसरात काजवे पाहायला गर्दी लोटते, तिथे तर याची फारच गरज असते. काजव्यांचे लुकलुकणे हा नर-मादीतला संवाद आहे. प्रखर झोत पडला की तो तुटतो आणि मीलनाची मोजकी रात्र हुकते. वाट दिसण्यापुरता, जमिनीकडे धरलेला, शक्य तर तांबडा आणि मंद उजेड तिथे पुरतो. काजव्यांच्या झाडापाशी पोहोचल्यावर तोही बंद करावा.