उसाच्या पेशींतून विषाणूची वाट

उसावरचा मोझॅक रोग आरएनए विषाणूंमुळे होतो. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी ऊस कांड्यांपासून लावतात, त्यामुळे रोगट बेण्याबरोबर विषाणूही नव्या शेतात जातो. मावाही तो पसरवतो. कोवळे पान उजेडात धरले की गर्द हिरव्यात फिकट, तुटक पट्टे दिसतात.

वनस्पतिपेशीची जाड भिंत विषाणूला फोडता येत नाही. मात्र शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या त्या भिंतीतून आरपार गेलेल्या असतात. साखर आणि क्षार त्यांतून सहज जातात. ९,५००हून अधिक घटकांची आरएनए साखळी एरवी जाऊ शकत नाही. मग विषाणूचीच प्रथिने नळीच्या तोंडाशी शंकूसारखी रचना उभारतात, वाट रुंदावते आणि आरएनए पलीकडे सरकतो. पेशीमागून पेशी हा प्रवास सावकाश चालतो. रसवाहिनी गाठल्यावर मात्र विषाणू साखरेच्या प्रवाहाबरोबर झपाट्याने कोवळ्या पानांत पोचतो, म्हणून लक्षणे तिथेच ठळक दिसतात.

शेंड्याच्या अगदी टोकाशी, मिलिमीटरहून लहान वाढबिंदूत, रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात. तिथे विषाणू बहुधा पोचत नाही. ऊतिसंवर्धनात नेमका तोच भाग काढून रोगमुक्त रोपे वाढवतात. एकदा लागण झालेला ऊस औषध फवारून बरा होत नाही. म्हणूनच फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या, १९३२मध्ये स्थापन झालेल्या ऊस संशोधन केंद्रासारख्या ठिकाणच्या शुद्ध बेण्याला एवढे मोल आहे.