चाकू लागला की कॅन्सर पसरतो?

आईच्या स्तनात गाठ लागली, किंवा वडिलांच्या गालाच्या आतली जखम महिना उलटला तरी भरेना, की डॉक्टरांच्या आधी नातेवाईक बोलू लागतात. ‘सुई टोचू देऊ नका, गाठ चिडते.’ ‘चाकू लागला की अंगभर पसरतो.’ ‘आमच्या मामांचं पोट उघडलं, आत हवा गेली आणि माणूस हातचा गेला.’ बोलणारी माणसं घरचीच असतात, काळजीनं बोलतात, म्हणून त्यांचं ऐकलंही जातं. मुलं गोंधळतात, ‘जरा थांबू, विचार करू’ म्हणतात आणि त्यात महिना-दोन महिने निघून जातात. या वाक्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांची किंमत बोलणाऱ्याला नाही, आई-वडिलांना मोजावी लागते.

आधी हवेचं बघू. तोंडाचा कॅन्सर पहिल्या दिवसापासून हवेतच असतो. फुप्फुसातल्या गाठीभोवती तर प्रत्येक श्वासाला हवा खेळते. हवेनं कॅन्सर पसरत असता, तर या दोन अवयवांच्या रुग्णांवर उपचारच शक्य झाले नसते. कॅन्सरच्या पेशी पसरतात त्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांमधून, आणि गाठ शरीरात राहते तोवर त्यांना ती वाट मोकळी असते.

हा समज फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत फुप्फुसविकारांच्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेत हवा लागल्यानं कॅन्सर पसरतो, असं त्यातल्या ३८ टक्के लोकांना वाटत होतं.

मग मामांचं काय झालं? सीटी आणि पेट स्कॅन सहज मिळत नव्हते, तेव्हा पोट उघडल्यावरच रोग किती पसरलाय ते कळायचं. सर्जन बघायचे, काढण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून पुन्हा शिवायचे, आणि रुग्ण थोड्याच दिवसांत जायचा. घरच्यांना आठवते ती फक्त शस्त्रक्रिया; त्याआधी काही महिने आत शांतपणे वाढलेला रोग कुणी पाहिलेला नसतो. काही जणांना शस्त्रक्रिया नीट होऊनही वर्षभरानं यकृतात किंवा हाडात गाठ निघते. ती बहुतेक वेळा आधीच तिथे पोहोचलेल्या, कुठल्याही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशींची असते. म्हणून तर शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी किंवा रेडिएशन सांगतात.

सुईबद्दल शंका असेल, तर २०१५ मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला मेयो क्लिनिकच्या संशोधकांचा अभ्यास बघा. त्यांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. आधी सुईची बायोप्सी झालेल्यांचं मध्यक आयुर्मान २२ महिने निघालं, न झालेल्यांचं १५. सुईनं आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. पण सुईनं रोग उसळत असता, तर हे आकडे उलटे आले असते.

चाकूबद्दलचा पुरावा तर मुंबईतच आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डीक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर एक चाचणी केली. मानेत गाठ लागत नसलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. दुसऱ्या गटात मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबलेल्या गटातले ६७.५ टक्के. ज्यांच्यावर आधीच जास्त मोठी शस्त्रक्रिया झाली, तेच जास्त जगले. हा निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि जगभरचे सर्जन तो मानतात.

या समजात कणभरही तथ्य नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. वृषणात कॅन्सरची शंका असेल तर तिथे सुई घालत नाहीत. जांघेतून छेद घेऊन अख्खं वृषणच काढतात. गर्भाशयाच्या गाठी यंत्रानं पोटातच बारीक करून काढण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये इशारा दिला, कारण त्यात लपलेला कॅन्सर पोटात विखुरण्याचा धोका असतो. टाटा मेमोरियलच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांनी सुमारे १६०० स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या आधी स्तनातल्या गाठीभोवती भुलीचं साधं, स्वस्त औषध टोचल्यावर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी पेशींचं काय होतं, याचा विचार सर्जन आपल्यापेक्षा फार आधीपासून करत आहेत. आणि या चाचणीत शस्त्रक्रिया दोन्ही गटांवर झाली होती, हे विसरू नका. यातून घ्यायचं ते इतकंच, की बायोप्सी आणि शस्त्रक्रिया कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या सर्जनकडे करा. ‘गाठच आहे, काढून टाकू’ म्हणणाऱ्याकडे घाईनं कापून घेऊ नका.

खरा धोका थांबण्यात आहे. ‘बीएमजे’मध्ये २०२० साली सात प्रकारच्या कॅन्सरवरच्या ३४ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला, की मृत्यूचा धोका होता त्याच्या ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि पुढच्या प्रत्येक चार आठवड्यांनी त्यात भर पडत गेली. गावचं औषध ‘तीन महिने करून बघू’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः मांडावा.

आता बाकीचे समज.

‘आईला सांगू नका, खचेल.’ ड्रेनची नळी आणि छातीवरचा छेद बघून तिला कळणारच आहे, तेही एकटीला. शिवाय शुद्धीत असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती नातेवाईक देऊ शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

‘ऑपरेशननंतर महिनाभर झोपूनच राहायचं.’ नाही. पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि कॅन्सरच्या रुग्णांत हा धोका आधीच जास्त असतो. डॉक्टरांनी उठायला सांगितलं, की दुखत असलं तरी हात धरून चालवा.

‘श्वासाच्या व्यायामाच्या तीन गोळ्यांच्या यंत्रात जोरानं फुंकायचं.’ फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. गोळ्या वर जातात त्या ओढण्यानं.

‘भातानं आणि डाळीनं पू होतो.’ होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, दही, अंडं, मासे, जे पचेल ते द्या.

‘साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो.’ मरत नाही. खाणं तोडल्यानं वजन उतरतं आणि पुढची केमो झेपत नाही.

‘ताट-वाटी वेगळी ठेवा.’ कॅन्सर संसर्गजन्य नाही. उष्ट्यानं, स्पर्शानं तो होत नाही, आणि वडिलांना त्यांच्याच घरात वेगळं ताट वाढणं हा अन्याय आहे.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला.’ ते दुखणं थांबवणारं औषध आहे. डॉक्टरांनी दिलं असेल, तर सांगितलेल्या वेळेला द्या.

‘मोठी सून आहे ना, ती बघेल.’ रात्रीची जागरणं, ड्रेनमध्ये किती मिली आलं त्याची वहीत नोंद, औषधांच्या वेळा, फॉलोअपच्या तारखा, पैशांची जुळवाजुळव हे एका माणसाचं काम नाही. पहिल्याच दिवशी वाटून घ्या. मुलगा पुण्याला असला, तरी महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी फोनवर तोच बोलू शकतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण या आठवड्यात घ्या. शंका असतील त्या कागदावर लिहून सर्जनसमोर ठेवा. मामांच्या गोष्टीचं उत्तरही त्यांनाच विचारा. आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल, तर कुणाच्याही सांगण्यावरून ती पुढे ढकलू नका.