पाटीची मर्यादा आणि तुटलेले अक्षर

सातपाटीच्या बंदरात होडीतली मासळी पाटीपाटीने उतरते. पाटी कधी भरलेली असेल, कधी अर्धी. पण तिच्यात मावते त्याहून अधिक मासळी एका खेपेत येणार नाही. दूरच्या संगणकावरून फाइल येते तीही अशीच, खेपाखेपांनी.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली ‘कर्ल’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याचा गाभा म्हणजे फाइलींची ने-आण करणारा ‘लिबकर्ल’ हा संच. येणारी माहिती तो प्रथम ‘बफर’ या तात्पुरत्या साठ्यात घेतो आणि आपण लिहिलेल्या फंक्शनला हाक मारून त्याच्या स्वाधीन करतो. या फंक्शनला ‘कॉलबॅक’ म्हणतात. त्याने किती बाइट घेतले तो आकडा परत सांगायचा असतो. आकडा जुळला नाही, तर काम तेथेच थांबते.

एका हाकेला सामान्यतः जास्तीत जास्त १६,३८४ बाइट मिळतात. त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी साठा लहानच पुरतो. १ मेगाबाइटच्या, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांच्या फाइलला किमान ६४ हाका लागतील. ‘किमान’ अशासाठी, की एखाद्या खेपेत एकच बाइटही येऊ शकतो.

आता आपल्या मराठीकडे वळू. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘पालघर’ या शब्दात प, काना, ल, घ, र अशी ५ चिन्हे. म्हणजे १५ बाइट. १६,३८४ ला ३ ने भागा. भागाकार ५,४६१ आणि बाकी १! समजा, सगळा मजकूर देवनागरी चिन्हांचाच आहे. मग पहिल्या भरलेल्या पाटीतला शेवटचा बाइट हा पुढच्या चिन्हाचा एक तृतीयांश तुकडा असेल. प्रत्येक खेप स्वतंत्रपणे वाचली, तर ते चिन्ह तुटेल. बोईसरच्या एखाद्या शाळेच्या निकालपत्रात विद्यार्थ्याचे नावच बिघडेल. केवळ इंग्रजी मजकुरावर प्रोग्राम तपासणाऱ्याला हा दोष दिसणारही नाही.

उपाय सोपा आहे. अपुरे राहिलेले बाइट बाजूला ठेवावेत, पुढच्या खेपेच्या आरंभी जोडावेत आणि मगच अक्षरे वाचावीत.

विद्यार्थी मित्रहो, ‘तारापूर’ला किती बाइट लागतील? आणि पाटी १६,३८० बाइटांची असती, तर अक्षर तुटण्याची भीती संपली असती का? दोन शब्दांमधली मोकळी जागा १ बाइटची असते, हे ध्यानात ठेवून उत्तर शोधा.