बियाण्याचा उन्हाळी भात

कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 पासूनचं. आज ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे आणि ‘कर्जत-3’सारख्या वाणांमुळे या तालुक्याचं नाव दूरवरच्या शेतांत पोचलं आहे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी राजनाल्याने शिवारात येतं, म्हणून इथे पावसाळ्यानंतरही लावणी होते.

खाण्याचा भात आणि बियाण्याचा भात पिकवण्यात मोठा फरक आहे. सुरुवात मिठाच्या पाण्याने होते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचं बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. थंडीत रोपं हळू वाढतात, त्यामुळे उन्हाळी आवण लावणीला यायला पावसाळ्यापेक्षा जास्त दिवस घेतं. तिथे घाई नको.

दुसऱ्या वाणाच्या शेतापासून किमान तीन मीटर अंतर राखावं लागतं. खरी मेहनत मात्र निसवण्याच्या वेळी. ओळीओळीतून फिरून उंच, बुटकं, वेगळ्या रंगाच्या पानाचं, लोंबीला कुसळ असलेलं प्रत्येक झाड मुळासकट उपटायचं. नुसती लोंबी खुडली तर नवा फुटवा येऊन भेसळ तशीच राहते. हे काम सकाळच्या तिरप्या उन्हात करावं, फरक चटकन दिसतो.

मळणीआधी खळं आणि यंत्र झाडून घ्यायचं, कारण आधीच्या वाणाचे मूठभर दाणेही सगळं बियाणं नापास करू शकतात. साठवताना ओलावा 13 टक्क्यांच्या वर नको. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग लागतो, त्यासाठी किमान 80 टक्के उगवण हवी.