दुसरें दान

फांसे म्हटले कीं द्यूतपर्व आठवून वडीलधाऱ्यांच्या कपाळीं आठी चढते. परंतु अमेरिकेंत १९७४ सालीं निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळांत पैशाचा पण नसतो. प्रत्येक गडी एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो. त्याच्या साहसाचा निकाल वीस बाजूंचा फांसा लावतो. एक पडला कीं वार हुकलाच! २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत ‘हाफलिंग’ या ठेंगण्या, दैववान् जातीस मात्र अशा वेळीं फांसा पुन्हां टाकतां येतो; विसांत एक असलेला धोका चारशेंत एक होतो. पण हें दुसरें दान पत्करावेंच लागतें, तिसरें नाहीं. हा नियम आम्हांस मार्मिक वाटतो. धर्मराजासही हरलेलें सर्व एकदां परत मिळालें होतें. तो पुन्हां पटावर बसला, आणि वनवास पदरीं आला. दैव दुसरी संधि देतें. थांबणें मात्र आपल्याच हातीं असतें.