घरातला माणूस घरात मोकळा फिरावा म्हणून
(अधू माणसांसाठी उपयोगी घरगुती वस्तूंची माहिती)



बेणे, लागण, खताचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर आम्ही या पानांतून नेहमीच लिहितो. या वेळचा विषय शेतातला नसून घरातला आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावात हातापायाने अधू झालेली माणसे आहेत. कोणाचा हात कडबाकुट्टीत सापडला, कोणाचा पाय ट्रॉलीखाली गेला. कोणाला लकवा मारला, कोणाचा पाय मधुमेहाने काढावा लागला. देशात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला, पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला ती लेकरं आज बापे-बाया होऊन संसार करीत आहेत. आणि गुडघे धरलेली म्हातारी माणसे तर घरोघर आहेत.

अशा माणसाची घरातले लोक सेवा करतात, त्याबद्दल दुमत नाही. पण एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. रात्री कोणाला उठवावे लागू नये म्हणून असा माणूस संध्याकाळपासून पाणी प्यायचे टाळतो. दिवसा सगळे वावरात गेले तर संडासाला कोण नेणार, म्हणून पोटभर जेवत नाही. त्यातून लघवीची जळजळ आणि मलावरोध सुरू होतो, अंगातली ताकद जाते. आपण म्हणतो, "अन्नावरची वासनाच उडाली." वासना उडालेली नसते, लाज आडवी आलेली असते. पुष्कळ वेळा या दुखण्यावरचा उपाय म्हणजे एक खुर्ची आणि भिंतीतले दोन पाइप.

आमचे सांगणे एवढेच, की अधू माणसाला चोवीस तास दुसरा माणूसच लागतो असे धरून चालू नये. योग्य वस्तू हाताशी असली तर पुष्कळ कामे तो आपली आपण करतो. यांतल्या बऱ्याच वस्तू गावचा सुतार आणि वेल्डिंगवाला करून देऊ शकतो.

आधी राहणी पाहा, मग वस्तू घ्या

जयपूर फूटचे उदाहरण घ्या. पूर्वी मिळणारा परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी केलेला होता. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे आणि चिखलात उतरता येत नसे. आपल्या शेतकऱ्याला तो काय कामाचा? १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय तयार केला, की माणूस अनवाणी चालेल, उकिडवा बसेल आणि वावरातही जाईल. या कामासाठी डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जयपूरमध्ये १९७५ साली सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय विनामूल्य बसवून देते. यातला धडा असा, की वस्तू माणसाच्या राहणीला जुळली पाहिजे. वस्तूसाठी माणसाने राहणी बदलायची नाही.

राहणीइतकेच महत्त्व मापाला आहे. ही मापे लक्षात ठेवावीत.

काठी : पायात चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाची घडी जिथे येते तिथपर्यंत काठीची उंची हवी. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरू नये, उलट बाजूच्या हातात धरावी. बरेच लोक नेमके इथेच चुकतात.

कुबडी : वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटे खाली राहावा. भार तळहातावर द्यावा, काखेवर देऊ नये. काखेवर रोज भार पडला तर तिथली शीर दबते आणि मनगट लुळे पडू शकते. खालचे रबरी बूच गुळगुळीत झाले की लगेच बदलावे, कारण फरशीवरून घसरायला तेवढे पुरते.

चाकाची खुर्ची : बैठकीची रुंदी कमरेच्या रुंदीपेक्षा साधारण दोन इंच जास्त असावी. फार रुंद खुर्चीत माणूस एका अंगाला कलतो. घेण्यापूर्वी घरातल्या दारांची रुंदी मोजा. खुर्ची आली आणि दारातच अडली, असे होता कामा नये. नवीन बांधकाम असेल तर दार तीन फूट ठेवा.

उतार : पायरीच्या जागी उतार करायचा तर एक इंच उंचीला एक फूट लांबी, हा हिशेब ठेवावा. सहा इंच उंचीला सहा फूट लांबी लागते. त्याहून उभा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागतो आणि उतरताना ती हातची सुटते.

संडास आणि न्हाणी

कामाला सुरुवात इथूनच करावी. साध्या लोखंडी खुर्चीच्या बैठकीला मधोमध गोल भोक पाडून ती संडासाच्या भांड्यावर ठेवली की उकिडवे बसण्याचा प्रश्न मिटतो. पायांना रबरी बुचे हवीत. प्लास्टिकची हलकी खुर्ची कापून वापरू नये, ओल्या फरशीवर ती सरकते. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकीच उंची ठेवावी. रात्रीसाठी अशाच खुर्चीखाली भांडे ठेवून ती बाजेजवळ ठेवता येते. ही कमोडची खुर्ची तयारही विकत मिळते.

बाजूच्या भिंतीत सव्वा ते दीड इंची लोखंडी पाइपाचा आधार बसवावा. पाइप आणि भिंत यांत दीड-दोन इंच अंतर ठेवावे, म्हणजे मूठ नीट बसते. तो सिमेंटमध्ये पक्का गाडावा आणि वापरात आणण्याआधी घरातल्या धडधाकट माणसाने त्याला पूर्ण भाराने लोंबकळून पाहावे. नळाची तोटी किंवा टॉवेलची दांडी हा आधार नव्हे.

अंघोळीला पाटाऐवजी पक्के स्टूल द्यावे. बादली त्याच उंचीच्या कट्ट्यावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. साबण जाळीच्या पिशवीत घालून खुंटीला टांगला की हातातून निसटला तरी हरवत नाही. एक काळजी मात्र जरूर घ्यावी. लकवा झालेल्या अंगाला किंवा मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून कढत पाणी आधी चांगल्या हाताने तपासावे.

बाज, पलंग आणि उठबस

आपली बाज बसकी असते, त्यामुळे उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. चारही पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे द्यावेत. काठावर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकले आणि गुडघे काटकोनात राहिले की उंची बरोबर झाली. पायथ्याला जाड दोर बांधून त्याला ठिकठिकाणी गाठी माराव्यात. तो धरून माणूस आपला आपण उठून बसतो. उशाशी बैलाच्या गळ्यातली एखादी घंटा टांगून ठेवली की हाका मारायची पाळी येत नाही.

बाजेवरून खुर्चीत घ्यायचे तर उचलून घेण्याने सांभाळणाऱ्याची, म्हणजे बहुधा सूनबाईची, कंबर जाते. रंधा मारून गुळगुळीत केलेली अडीच फुटांची मजबूत फळी बाज आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकावी आणि माणसाला तिच्यावरून सरकू द्यावे. मात्र दोन्हींची उंची सारखी हवी आणि खुर्चीचा ब्रेक लावलेला हवा.

मणक्याला मार बसून कमरेखालची जाणीव गेली असेल तर एकाच जागी बसून जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात. जाड फोमची किंवा हवेची गादी वापरावी. खुर्चीत असताना थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलावे किंवा बाजूला झुकावे. मधे भोक असलेली रबरी चकती किंवा ट्यूब खाली घेऊ नये, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

जेवण, स्वयंपाक आणि कपडे

एका हाताने जेवणाऱ्याचा घास सपाट ताटातून बाहेर सांडतो. त्याला उभ्या काठाची लहान परात द्यावी, घास काठाला टेकून उचलता येतो. परातीखाली ओले फडके ठेवले की ती सरकत नाही. बोटे आखडली असतील तर चमच्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब किंवा फोम गुंडाळून मूठ जाड करावी. हात थरथरत असेल तर दोन कानांचा, झाकणाचा कप द्यावा.

माठाला तोटी बसवून तो कमरेइतक्या उंचीवर ठेवला की वाकून ओगराळ्याने पाणी काढणे वाचते. ही सोय तर प्रत्येक घरात हवी. एक हात गेलेल्या बाईसाठी फळीत खालून दोन स्टेनलेस खिळे ठोकावेत. त्यांवर बटाटा किंवा कांदा रोवला की तो हलत नाही आणि एका हाताने चिरता येतो. काम झाल्यावर खिळ्यांवर बूच लावून ठेवावे. खाली बसून विळी वापरणे जमत नसेल तर ती कट्ट्याला पक्की आवळून घ्यावी. गॅसचा कट्टा बसून काम करता येईल इतका ठेंगणा करून त्याखाली गुडघ्यांना जागा सोडावी.

अशा वस्तू अधू माणसापुरत्याच राहतात असेही नाही. अमेरिकेत सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता. तिची अडचण पाहून त्यांनी जाड रबरी मुठीची स्वयंपाकाची हत्यारे करवून घेतली. १९९० साली ती बाजारात आली आणि धडधाकट लोकांनीही ती उचलली. दुबळ्या हाताला जे सोपे, ते सगळ्यांनाच सोपे.

कपड्यांत गुंड्या आणि नाडी यांच्या जागी चिकटपट्टी आणि इलॅस्टिक लावून घ्यावे. शिंप्याचे हे तासाभराचे काम आहे. लकवा झालेल्याने सदरा घालताना आधी अधू हात घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा.

कोठून मिळेल?

पहिले काम दाखल्याचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यास सवलतींचा लाभ मिळतो. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि यूडीआयडी कार्ड काढावे.

केंद्र सरकारच्या 'एडिप' या १९८१ पासूनच्या योजनेत कुबड्या, तीनचाकी, चाकाची खुर्ची इत्यादी साधने शिबिरांतून मिळतात. ती मुख्यतः कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कारखान्यात तयार होतात. कृत्रिम हातापायांसाठी पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, तेथे नागरिकांनाही अवयव बसवून देतात.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. हा पैसा कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. चाकाची खुर्ची किंवा कमोडची खुर्ची मागायची तर इथेच मागा. शेतकऱ्याचा अपघात झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गमावल्यास १ लाख आणि दोन अवयव गमावल्यास २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी आणि अर्जाला उशीर करू नये.

शेवटी एक विनंती

कोणतीही वस्तू करण्यापूर्वी ज्याच्यासाठी करायची त्यालाच विचारा. "तुम्हाला कुठं अडतं?" एवढा एक प्रश्न पुरे. पाइप कोणत्या बाजूला हवा, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? वस्तू हाती आल्यावर त्याला वेळ लागला तरी लागू द्यावा. घाईने पुढे होऊन त्याच्या हातचे काम काढून घेऊ नये. ज्या माणसाने उभा जन्म नांगर धरला, उसाला पाणी दिले, मोळ्या बांधल्या, त्याला तांब्याभर पाणी प्यायचाही विचार करावा लागू नये. संडासातले दोन पाइप येत्या आठवड्यातच बसवून घ्यावेत, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.